रोप ओढायचं नाही: ताओवादी ध्यान शिकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

ताओवादी ध्यानाबद्दल, म्हणजे चीनच्या जुन्या ताओ परंपरेतल्या ध्यानाबद्दल, मला कोणी विचारलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, शरीरातली ऊर्जा पाठीतून वर कधी चढते. मी पण हाच प्रश्न घेऊन सुरुवात केली होती त्यामुळे प्रश्नाला नावं ठेवत नाही, पण त्या एका प्रश्नापायी माझं जवळपास वर्ष वाया गेलं आणि डोकेदुखी मागे लागली ती वेगळीच, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

मी वुहानला एमबीबीएस करायला होते, आपल्याकडची बरीच मुलं तेव्हा तिकडे होती. हॉस्टेलपासून दोंगहू तलाव जवळ होता. सकाळी सहाला तलावाच्या काठावर रिटायर्ड लोकांचे घोळके असायचे, कोणी ताय-ची करतंय, कोणी पंखे घेऊन नाचतंय, आणि एका झाडाखाली पाच-सहा जण नुसते उभे. नुसते म्हणजे खरंच नुसते, छातीसमोर हात गोल धरून वीस-पंचवीस मिनिटं. त्यातल्या एका सत्तरीतल्या गृहस्थांनी मला पुढे चार वर्षं शिकवलं, पैसे कधी घेतले नाहीत. मी त्यांना लाओशी म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे सर म्हणतो तसं.

लाओशींनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली, चीनमध्ये ती शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. सोंग राज्यातला एक शेतकरी, रोपं लवकर वाढत नाहीत म्हणून शेतात जाऊन एकेक रोप थोडं थोडं वर ओढतो, आणि घरी येऊन म्हणतो आज फार दमलो, रोपांना वाढायला मदत करून आलो. मुलगा धावत जाऊन बघतो तर सगळी रोपं सुकलेली. गोष्ट मेन्सियसची आहे, म्हणजे कन्फ्यूशियन परंपरेतली, पण ताओवादी साधकांनी त्यातली सूचना उचलली आणि स्वतःच्या साधनेला लावली: वू वांग, वू जू, विसरू नको आणि मदतही करू नको. मला हे पटकन कळलं कारण आमच्या गावी लावणी झाली की आजोबा रोज बांधावरून चक्कर मारायचे, पाणी बघायचे, खेकड्यांनी बीळ पाडलंय का बघायचे, पण रोपाला हात लावायचे नाहीत. चक्कर मात्र एकही दिवस चुकवायचे नाहीत. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं ह्याच दोन गोष्टींभोवती आहे.

आधी थोडे शब्द

ताओ आणि दाओ एकच, आताच्या चिनी उच्चारात दाओ जवळचं, पण मराठीत ताओ रुळलंय. अंतर्साधनेला नेइदान म्हणतात, म्हणजे आतली किमया. किमया हा शब्द मुद्दाम वापरतेय कारण आधी बाहेरची किमया होती, भट्टीत हिंगूळ (पाऱ्याचं लाल खनिज), पारा, शिसं तापवून अमर व्हायचं औषध बनवायचे, आणि पुढे तीच सगळी भाषा, भट्टी, आग, औषध, शरीराच्या आत वळवली गेली. म्हणून जुने ग्रंथ उघडले की वाघ, ड्रॅगन, शिसं, पारा असलं सगळं दिसतं आणि नवीन माणूस गोंधळतो. झांग बोदुआन ह्यांचं १०७५ च्या आसपासचं काव्य ह्या परंपरेत फार मानलं जातं आणि तेही असंच संकेतांनी भरलेलं आहे. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

तीन शब्द मात्र लागतील. जिंग, ची, शेन. पणती डोळ्यासमोर आणा, तेल म्हणजे जिंग, शरीराचं मूळ भांडवल. ज्योत म्हणजे ची, श्वासाशी जोडलेली चालती शक्ती. उजेड म्हणजे शेन, जाणीव, माणूस ताजातवाना असला की डोळ्यांत दिसते ती. आता तेल संपत आलंय आणि आपण उजेड वाढवायच्या मागे लागलोय, ही नवख्यांची सगळ्यात कॉमन चूक. रात्री दोनला झोपून पहाटे पाचला ध्यानाला बसणं म्हणजे हेच.

चौथा शब्द दानत्येन. त्येन म्हणजे शेत, दान म्हणजे हिंगूळ, त्यावरूनच औषध किंवा गुटिका. खालचं दानत्येन बेंबीच्या खाली तीन-चार बोटं आणि तिथून आत, पोटाच्या पोकळीत. मी डिसेक्शन हॉलमध्ये तासन्‌तास घालवलेत, तिथे दानत्येन नावाचा अवयव सापडत नाही, आणि लाओशींनाही त्याचं काही वाटायचं नाही. ती लक्ष ठेवायची जागा आहे, एवढं धरून चाला.

वाचायचं काय

दाओ-दे-जिंग वाचा, हा ताओ परंपरेचा मूळ ग्रंथ, ८१ छोटी प्रकरणं आहेत, दिवसाला एक वाचलं तरी तीन महिन्यांत होतं. १० वं आणि १६ वं प्रकरण साधनेच्या नजरेने दोनदा वाचा, दहाव्यात ची एकवटून तान्ह्या बाळासारखं मऊ होता येईल का असा प्रश्न आहे, सोळाव्यात रिकामेपण आणि शांतपणा धरून ठेवायची गोष्ट आहे. मग झ्वांगझी, हाही जुना ताओवादी ग्रंथ, निदान पहिली सात प्रकरणं. आणि ज्याच्याबद्दल कोणी सांगत नाही ते म्हणजे नेइ-ये, ग्वानझी नावाच्या मोठ्या संग्रहातलं एक छोटं प्रकरण, साधारण इसवीसनपूर्व चौथ्या शतकातलं. ध्यानाबद्दल चीनमध्ये जे सगळ्यात जुनं लिखाण हाती आलंय त्यात ते मोडतं, आणि इतकं साधं आहे की आश्चर्य वाटतं: शरीर नीट ठेवा, मन शांत ठेवा, आणि खाण्याबद्दल पण आहे, ठासून भरलं तर शरीर बिघडतं आणि फार उपाशी राहिलं तर हाडं सुकतात. मी डाएटच्या नादात उपाशीपोटी बसायचे तेव्हा हे वाचून थांबले.

एक गोष्ट इथे सांगायचा मोह आवरत नाही. ६४७ च्या सुमाराला थांग सम्राटाच्या हुकमावरून दाओ-दे-जिंगचं संस्कृत भाषांतर करायचं ठरलं, कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामकडच्या, राजाला हवं होतं म्हणून, आणि काम आलं श्वेनझांगकडे, म्हणजे आपला ह्युएनत्संग, जो त्याच्या काही वर्षं आधी पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला होता. ताओ ह्या शब्दाला संस्कृतमध्ये काय म्हणायचं ह्यावरून तिथे वाद झाला, ताओवादी पंडितांना बोधी हवं होतं, तो म्हणाला मार्ग. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. मला ह्यातून एवढंच घ्यायचंय की तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या भाषांतरकाराने सुद्धा हे आपल्या शब्दांशी परस्पर जोडून टाकलं नाही, त्यामुळे आपणही पहिल्याच दिवशी ची म्हणजे प्राण, दानत्येन म्हणजे मणिपूर चक्र असं समीकरण मांडायची घाई करू नये.

पहिला महिना बसायचं नाही, हलायचं

हे ऐकून बरेच जण नाराज होतात पण लाओशींनी मलाही पहिले दोन महिने बसू दिलं नाही. आखडलेल्या शरीराने बसलं की मन ध्यानात नसतं, गुडघ्यात असतं. आणि हा काही आजचा शॉर्टकट नाही. चांगशाजवळ मावांगद्वेइ इथे १९७३ मध्ये एक कबर उकरली, इसवीसनपूर्व १६८ मध्ये बंद केलेली, त्यात रेशमावर काढलेलं व्यायामाचं चित्र सापडलं, ४४ माणसं, पुरुष आणि बायका दोन्ही, कोणी वाकलंय, कोणी हात ताणलेत. मी वुहानहून ट्रेनने चांगशाला जाऊन ती आकृती बघितली होती आणि त्यातल्या एकीची पोज बघून वाटलं की ही तर रोज सकाळी तलावावर दिसते.

सुरुवातीला बादुआनजिन करा, म्हणजे रेशमी जरीचे आठ तुकडे. सोंग राजघराण्याच्या काळापासून (दहावं ते तेरावं शतक, गोष्टीतलं सोंग राज्य वेगळं) ह्याचे उल्लेख आहेत, पूर्ण सेट बारा-पंधरा मिनिटांत होतो, जागा दोन सतरंज्यांएवढी लागते. दोन्ही हात वर नेऊन आकाश पेलणं, मग डावी-उजवीकडे धनुष्य ताणणं, मग एक हात वर एक खाली, मग मान वळवून मागे बघणं. पाचवं घोड्यावर बसल्यासारखं खाली जाऊन धड फिरवणं, सहावं पुढे वाकून पाय धरणं, सातवं मुठी आवळून डोळे वटारणं, आणि शेवटी टाचा उचलून सात वेळा खाली सोडणं. ह्याचे भरपूर व्हिडिओ आहेत, चीनच्या आरोग्य-चीगोंग (चीगोंग म्हणजे श्वास, हालचाल आणि लक्ष ह्यांचे चिनी व्यायाम) संघटनेचा जो स्टँडर्ड सेट आहे तो बघा, बाकीचे चकाचक एडिट केलेले सोडा. पाचव्या प्रकारात गुडघे दुखत असतील तर कमी खाली जा, स्लिप डिस्क असेल तर सहावा प्रकार डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका, आणि ब्लडप्रेशर जास्त असेल तर डोकं फार खाली नेऊ नका.

श्वासाचं काय करायचं असं सगळे विचारतात. काहीच नाही. हात वर जाताना श्वास आपोआप आत जातो, खाली येताना बाहेर. तेवढं पुरे.

मग उभं राहणं

ह्याला झान-झ्वांग म्हणतात, खांबासारखं उभं राहणं. पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे किंचित सैल, पण गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. माकडहाड खाली सोडलेलं, जणू उंच स्टुलावर टेकायच्या बेतात आहात. डोकं वरून दोऱ्याने टांगल्यासारखं. जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकी लावलेली. हात छातीसमोर, मोठा फुगा धरलाय असे, आणि खांदे पडलेले. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण दोन मिनिटांनी खांदे कानापर्यंत येतात आणि आपल्याला कळत पण नाही.

पहिल्या आठवड्यात तीन मिनिटं. मग दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवत दहा-पंधरापर्यंत. मांड्या थरथरतात, ते चालतं. गुडघ्याच्या सांध्यात दुखलं तर नाही चालत, लगेच उंच व्हा. चक्कर आली, घाम गार पडला तर बसा, फुशारकी मारू नका. मी पहिल्या आठवड्यात शेजारच्या आजींच्या बरोबरीने वीस मिनिटं उभी राहायला गेले आणि डोळ्यासमोर अंधारी आली, त्या आजींनीच मला धरून बाकावर बसवलं, गरम पाणी पाजलं आणि विचारलं नाश्ता केलास का. वुहानमध्ये नाश्त्याला खास शब्द आहे, ग्वो-झाओ, आणि त्याशिवाय सकाळ होत नाही. मी उपाशी होते.

आता बसा

तिसऱ्या महिन्यापासून दहा मिनिटं बसा. खुर्ची चालते, हे आधीच सांगते. खुर्चीत बसलात तर पाठ टेकू नका, तळवे जमिनीवर पूर्ण. मांडी घालून बसणार असाल तर ढुंगणाखाली जाड उशी घ्या, गुडघे कंबरेच्या खाली राहिले पाहिजेत, नाहीतर पाठ कुबडते. पद्मासनाचा हट्ट नको. हात पोटापाशी एकमेकांवर किंवा मांड्यांवर. डोळे पूर्ण मिटायचे नाहीत, पापण्या पडद्यासारख्या सोडायच्या, ह्याला पडदा खाली सोडणं असंच म्हणतात, फटीतून नाकाच्या शेंड्याच्या दिशेला थोडा उजेड दिसत राहतो. पूर्ण मिटले तर झोप येते, उघडे ठेवले तर मन बाहेर पळतं, म्हणून मधलं.

पहिली पायरी मोजणं. श्वास सोडताना एक, पुढचा सोडताना दोन, दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. मध्ये हरवलात तर एकपासून. स्वतःवर चिडायचं नाही. महिनाभर एवढंच.

दुसरी पायरी ऐकणं, आणि मला ही सगळ्यात आवडते. झ्वांगझीच्या चौथ्या प्रकरणात मनाचा उपास अशी कल्पना आहे, तिथे शिष्याला सांगितलंय की कानाने ऐकू नको, मनाने ऐक, मग मनानेही ऐकू नको, ची ने ऐक. प्रत्यक्षात काय करायचं तर श्वासाला मोजायचं सोडून द्यायचं आणि तो ऐकायचा. नाकातला आवाज येत असेल तर तो ऐका, थोड्या दिवसांनी आवाज येईनासा होतो, मग आवाज नसणं ऐका. ऐकायला गेलं की आपण श्वासात ढवळाढवळ करायचं थांबतो, कारण ऐकणारा माणूस गप्प बसतो. हे वाचून कळत नाही, दहा-बारा दिवस करून बघा.

तिसरी पायरी, लक्ष खालच्या दानत्येनवर टेकवून ठेवणं. टेकवून, दाबून नाही. कुशीत झोपलेलं मांजर कसं असतं, तुम्ही पुस्तक वाचताय पण ते तिथे आहे हे माहीत असतं, तेवढंच. पोट गरम व्हायला पाहिजे, गोळा दिसायला पाहिजे, असलं काही मनात आणायचं नाही. आलं तर आलं.

ह्याच्या पुढचं जे आहे, झ्वो-वांग, बसून विसरणं, ते करायची गोष्ट नाही. सिमा चंगझेन नावाचे मोठे आचार्य होते, ६४७ ते ७३५, त्यांनी बसून विसरण्याच्या सात पायऱ्या लिहिल्या. गंमत बघा, मन गोळा करणं, म्हणजे ज्याला आपण ध्यान म्हणतो, ते तिथे तिसऱ्या नंबरला येतं. पहिली पायरी विश्वास, दुसरी व्याप कमी करणं. म्हणजे किती ग्रुप, किती वाद, किती नको ती कामं अंगावर घेतलीत ते बघा. मी परीक्षेच्या वर्षात दोन कमिट्या सोडल्या आणि माझं बसणं जेवढं सुधारलं तेवढं कुठल्याही टेक्निकने सुधारलं नव्हतं.

उठायचं कसं

ह्याला शोउ-गोंग म्हणतात आणि व्हिडिओवाले हे गाळतात. टायमर वाजला की ताडकन उठायचं नाही. लक्ष पोटावर आणा, दोन्ही तळहात बेंबीवर एकावर एक ठेवा, तीन श्वास. मग हात चोळून गरम करा, चेहऱ्यावरून, कानांवरून, कंबरेवरून फिरवा. दात हलके ३६ वेळा वाजवायची जुनी पद्धत आहे, तोंडात जमलेली लाळ तीन घोटांत गिळायची. पाय चोळा, मुंग्या जाऊ द्या, मग उठा. टायमरचा आवाज पण हळू ठेवा, शांत बसलेलं असताना कर्कश अलार्म वाजला की छातीत धस्स होतं.

काय काय होतं आणि माझं काय झालं

गरम वाटतं, मुंग्या येतात, अंग हलकंसं डोलतं, हात मोठे झाल्यासारखे वाटतात, पोटात गुडगुड होते, लाळ जास्त सुटते, कधी उगाच रडू येतं. ह्यातलं काही झालं तर छान, नाही झालं तरी छान, दोन्हीकडे लक्ष द्यायचं नाही. हे नेमकं मला जमलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी लाओशींना न सांगता एका ऑनलाइन व्हिडिओवरून ऊर्जा फिरवायला शिकले. श्वास धरायचा, गुदद्वार आवळायचं आणि कल्पनेने पोटातली ऊर्जा पाठीच्या कण्यातून डोक्यात चढवायची. रोज तासभर. तीन आठवड्यांत डोक्यात दाब, कपाळावर कोणी अंगठा ठेवल्यासारखा, रात्री झोप नाही, छातीत धडधड, चिडचिड. शिक्षणामुळे एवढं कळत होतं की श्वास कोंडून जोर लावला की ब्लडप्रेशरवर ताण येतो, पण थांबवत नव्हते कारण वाटायचं की काहीतरी घडतंय.

शेवटी लाओशींना सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणाले, "पोरी, रोप ओढलंस." सगळं बंद करायला लावलं. बसणं बंद, उभं राहणं बंद, वाचन पण बंद. रोज संध्याकाळी तलावाकाठी एक तास चालायचं आणि लक्ष तळपायांवर, जमिनीला पाय लागतो तिथे. रात्री कोमट पाण्यात पाय, दहाला झोप, पोटभर जेवण. आणि आधी हॉस्पिटलात दाखवून ये म्हणाले, ते मी केलं. दीड-दोन महिन्यांनी डोकं मोकळं झालं.

ह्या बिघडण्याला चिनीत झोउ-ह्वो-रु-मो म्हणतात, आग भलतीकडे जाणं आणि भूत शिरणं. १९८० च्या दशकात चीनमध्ये चीगोंगची प्रचंड लाट आली होती, स्टेडियममध्ये भरून लोक करायचे, आणि त्या काळात अशा केसेस मनोरुग्णालयांत यायला लागल्या. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या १९९४ च्या आवृत्तीत तर चीगोंगमुळे होणाऱ्या मानसिक प्रतिक्रियेची वेगळी नोंद होती. घाबरवायला सांगत नाही, हळू आणि साधं केलं तर बहुतेकांना काही होत नाही. पण ज्यांना आधी सायकोसिस, बायपोलर, फिट्स असं काही झालंय त्यांनी एकट्याने व्हिडिओ बघून ही साधना सुरू करू नये, आणि कोणाचीही चालू औषधं ध्यानापायी बंद करू नयेत. आवाज ऐकू यायला लागले, झोप दोन-तीन रात्री पूर्ण उडाली, तर साधना थांबवा आणि डॉक्टरकडे जा, गुरूकडे नंतर.

मग ते ऊर्जा फिरवणं कधी

श्याओ-झोउ-त्येन, छोटं आकाशचक्र. पाठीतून वर दू नाडी, पुढून खाली रेन नाडी. परंपरेत हे आहे, खोटं नाही, पण त्याच्या आधी शंभर दिवसांचा पाया घालायला सांगितलाय, आणि शंभर म्हणजे कॅलेंडरचे शंभर नाहीत, पाया होईपर्यंत. जे चांगले शिक्षक मला भेटले ते सगळे म्हणाले की पोटात पुरेसं साठलं की ते आपलं आपण सरकतं, तुम्ही बघायचं, ढकलायचं नाही. कल्पनेने फिरवलेली ऊर्जा ही बहुतेक वेळा फिरवलेली कल्पनाच असते. पहिल्या वर्षात ह्याचा विचारच करू नका.

बायकांसाठी एक गोष्ट. स्त्रियांच्या साधनेची वेगळी शाखा आहे, न्यू-दान, आणि सुन बु-अर ह्या बाराव्या शतकातल्या साधिकेचं नाव त्यात आदराने घेतात. तिथे सुरुवात बऱ्याचदा खालच्या पोटाऐवजी छातीच्या मध्यापासून सांगतात, आणि पाळीच्या दिवसांत खालच्या दानत्येनवर लक्ष लावू नका म्हणतात. मी ते दिवस नुसतं श्वास ऐकते किंवा सुट्टी घेते. गरोदर असाल तर बसणं शांतपणे चालू ठेवा, पोटावर लक्ष आणि श्वास धरणं टाळा, उभं राहण्याबद्दल डॉक्टरला विचारा.

आणि आपल्याकडचं? ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचलेल्या कोणालाही हे सगळं ओळखीचं वाटणार, कुंडलिनी, नाथपंथ, शरीरातूनच जाणारा रस्ता. मी दोन्ही वाचते आणि दोन्हींवर प्रेम करते. पण एकाच बैठकीत मिसळू नका. कुंभकात श्वास धरतात, इथे श्वास सोडून देतात, एकाच मनाला दोन उलट सूचना दिल्या की ते दोन्ही अर्धवट करतं. प्राणायाम करत असाल तर तो सकाळी, हे संध्याकाळी.

शिक्षक, फी आणि गोळ्या

पुस्तकं आणि व्हिडिओंवर वर्षभर निघतं, मग कोणीतरी डोळ्यांनी तुमची बैठक बघणारं लागतं. शिक्षकाकडे आधी बघा की तो स्वतः कसा आहे, शांत आहे का, विद्यार्थ्यांशी कसा बोलतो, प्रश्न विचारला की उत्तर देतो की गुपित म्हणून टाळतो. ठरलेली फी घेणं ह्यात वाईट काही नाही. पण पुढची पायरी पाहिजे तर एवढे लाख, घरच्यांना सांगू नको, बायकांना एकटं बोलावणं, औषधं सोड, असं काही आलं की तिथून निघा.

आणि कोणी काही खायला दिलं तर अजिबात खाऊ नका. बाहेरच्या किमयेच्या गुटिकांनी थांग घराण्यातल्या एकाहून जास्त सम्राटांचा जीव गेलाय, वूझोंग ८४६ मध्ये असाच गेला. पारा आणि हिंगूळ आजही विषच आहेत. ह्याच्या उलट च्यू चूजी आठवा, छ्वेनझेन ह्या ताओवादी पंथातले साधू. सत्तरी ओलांडल्यावर ते चीनहून हिंदुकुशपर्यंत प्रवास करत गेले, कारण चंगीझखानाने बोलावलं होतं. १२२२ मध्ये भेट झाली आणि खानाने विचारलं, अमर व्हायचं औषध आणलंय का. ते म्हणाले आयुष्य जपायचे मार्ग आहेत, अमरत्वाचं औषध नाही. चंगीझखानासमोर उभं राहून हे बोलायचं! तुमच्या शिक्षकाला हाच प्रश्न विचारून बघा.

मंदिरात गेलात तर

च्यू चूजींची पदवी चांगचुन, आणि त्याच नावाचं छ्वेनझेन मंदिर वुहानमध्ये वूचांग भागात आहे, चांगचुन ग्वान. चीनला कामासाठी, शिकायला जाणारे बरेच मराठी लोक आहेत, त्यांनी जरूर जावं, वूदांगचा डोंगर, म्हणजे ताओवाद्यांचं प्रसिद्ध तीर्थ, चढायच्या आधी जावं. वूदांगही सुंदर आहे, १६१२ मीटरवर १४१६ मधलं ब्राँझचं सुवर्ण मंदिर आहे, पण तिथे गर्दी आणि कोर्सेसची दुकानं इतकी की नवख्याला कोणाचं ऐकावं कळत नाही.

उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, आपल्यासारखंच. मूर्तीचे फोटो काढू नका. केसांचा वर अंबाडा बांधलेले ते ताओवादी साधू, त्यांना दाओझांग म्हणायचं, नमस्कार हात जोडून नाही तर एका हाताने दुसऱ्याची मूठ झाकून छातीसमोर. छ्वेनझेनचे साधू ब्रह्मचारी आणि शाकाहारी असतात, त्यामुळे शाकाहारी मराठी माणसाला त्यांच्याशी गप्पांना विषय लगेच मिळतो. काही विचारायचं असेल तर सकाळचा पाठ झाल्यावर थांबा.

मी तिसऱ्या वर्षी अशीच थांबले, डोकं बरं झाल्यावर, मनात पाच-सहा मोठे प्रश्न तयार करून, नाड्यांचे, आकाशचक्राचे. दाओझांग बाई होत्या, माझ्याच वयाच्या आसपास. त्यांनी माझ्या तोडक्या चिनीतलं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, रात्री किती वाजता झोपतेस. मग, पोट रोज साफ होतं का. मग, सकाळी उठल्यावर पाय गार असतात की गरम. मी एकेकाचं उत्तर देत गेले, आणि पायांचं उत्तर दिलं तेव्हा त्या म्हणाल्या उद्यापासून मोजे घालून बस, आणि पंधरा दिवसांनी ये.